दोन चिठ्ठ्यांमधला धोका

पिंपरीची कारखानदारी गाड्यांपासून सुरू झाली असे आज अनेकांना वाटते. खरे तर ती औषधापासून सुरू झाली. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी मार्च १९५४ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी, जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या मदतीने, इथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. टेल्को आणि बजाज त्यानंतर आले. चाकणची एमआयडीसी तर कितीतरी पुढची. जुने पिंपरीकर त्या कंपनीला नुसते ‘एचए’ म्हणतात. क्षयरोगावरचे स्ट्रेप्टोमायसिनही पुढे एचएमध्ये बनू लागले.

क्षयाची औषधे आणि नैराश्याची औषधे यांचे नाते त्याच काळात जुळले. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या स्टेटन आयलंडच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या रुग्णांना आयप्रोनियाझिड हे नवे औषध देऊन पाहिले जात होते. महिनोन्‌महिने खाटेला खिळलेली माणसे ते घेऊन उठून बसली, गप्पा मारू लागली, वॉर्डात नाचली. त्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत छापून आली. फुप्फुस पुरते बरे होण्याआधीच मनाला उभारी येत होती. नेथन क्लाइन या मनोविकारतज्ज्ञाने १९५७ मध्ये तेच औषध नैराश्याच्या रुग्णांना दिल्याचे निष्कर्ष मांडले आणि वैद्यकाला नैराश्यावरचे एक नवे औषध मिळाले. त्याच्या पाठोपाठ धोकाही आला. तो दर वेळी एकट्या गोळीतच असायचा असे नाही. दुसरे एखादे औषध शेजारी येऊन बसले की तो जागा व्हायचा.

हे समजून घ्यायला मेंदूतली एक साधी व्यवस्था पाहावी लागते. सेरोटोनिन हे एका पेशीचा निरोप दुसरीकडे नेणारे रसायन आहे. निरोप पोचला की ते दोन वाटांनी आवरले जाते. ज्या पेशीने ते सोडले तीच त्यातले बरेचसे परत ओढून घेते, आणि मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचे विकर उरलेल्याचे तुकडे करते. आयप्रोनियाझिड आणि त्याची भावंडे हे विकर बंद पाडतात. आज सर्रास लिहिली जाणारी एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन ही औषधे परत ओढण्याची वाट अडवतात. एक वाट अडली तर शरीर सहसा सांभाळून घेते. दोन्ही एकदम अडल्या तर मोरी तुंबलेली असताना नळ सुरू राहावा तशी गत होते. सेरोटोनिन साचत जाते आणि स्नायू, घामाच्या ग्रंथी, आतडी, हृदय सगळे एकाच वेळी बिथरतात. याला डॉक्टर सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात.

आता पुन्हा क्षयरोगाकडे येऊ, कारण पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या दाटीवाटीच्या चाळींत आणि भाड्याच्या खोल्यांत क्षय ही जुनी गोष्ट झालेली नाही. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी केंद्र सरकारने २०२४ मध्ये सहा महिन्यांच्या नव्या उपचाराला मान्यता दिली. त्यात बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन ही चार औषधे आहेत. यातले लिनेझोलिड २००० साली अमेरिकेच्या बाजारात आले ते जंतूंविरुद्धचे औषध म्हणून. मात्र त्याची रासायनिक घडण टोलॉक्साटोन या नैराश्यावरच्या औषधाशी मिळतीजुळती आहे, आणि तेही मोनोअमाइन ऑक्सिडेजला सौम्यपणे रोखते. नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांसोबत ते दिले तर सेरोटोनिन सिंड्रोम होऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जुलै २०११ मध्ये दिला.

क्षय आणि नैराश्य एकाच घरात राहण्याची कारणेही उघड आहेत. दीर्घ आजार, बुडालेली रोजी, घरच्यांनी वेगळे काढलेले ताट. शिवाय सायक्लोसेरिन हे प्रतिरोधी क्षयावरचे आणखी एक औषध स्वतःच काहींना नैराश्यात किंवा भ्रमात लोटते. मग मनाची गोळी सुरू होते, आणि त्याच वेळी क्षयाच्या पुड्यात लिनेझोलिड असते.

धोका किती मोठा, याचे उत्तर घाबरवणारे नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या १,१३४ वयस्क रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. लिनेझोलिड घेणाऱ्या या रुग्णांपैकी जवळपास पाचवा हिस्सा नैराश्याची औषधेही घेत होता. सेरोटोनिन सिंड्रोम अर्ध्या टक्क्याहूनही कमी जणांना झाला, आणि नैराश्याच्या औषधांमुळे तो वाढल्याचे दिसले नाही. तिथला उपचार बहुतेक थोड्या दिवसांचा होता. क्षयात लिनेझोलिड महिनोन्‌महिने चालते, हा फरक लक्षात ठेवायला हवा. म्हणून दोन्ही औषधे गरजेची असतील तेव्हा डॉक्टर ती देतात आणि रुग्णावर नजर ठेवतात. नजर ठेवायला त्यांना आधी ठाऊक हवे की रुग्ण मनाची गोळी घेतो. सगळे इथे अडते.

सेरोटोनिनसारख्या रसायनांची समज वाढवण्यात मुंबईचाही वाटा आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीने उच्च रक्तदाब उतरतो हे रुग्णांवर पाहून १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडले. जगाने ती मुळी उचलली. तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढले गेले, आणि वकिलांना १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे ध्यानात आले की रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना खोल नैराश्य येते. हे द्रव्य मेंदूतले सेरोटोनिन आणि तत्सम रसायनांचे साठे रिकामे करते. नैराश्याचा या रसायनांशी संबंध असावा, या तर्काला त्यामुळे मोठे बळ मिळाले.

सर्पगंधेच्या गोळ्या आजही रक्तदाबासाठी आणि झोपेसाठी घेतल्या जातात. ‘आयुर्वेदिक आहे, त्याने काय होणार’ असे म्हणत त्या नैराश्याच्या औषधासोबत घेतल्या की एक औषध जे भरते ते दुसरे रिकामे करते. सर्पगंधा हे खरे, प्रभावी औषध आहे. म्हणूनच ती चालू आहे हे डॉक्टरांना कळायला हवे.

औषधाशी झुंजणारी वस्तू औषधच असावी लागते असेही नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकर रोखणाऱ्या औषधांवर असलेल्या काही रुग्णांना अचानक असह्य डोकेदुखी व्हायची, रक्तदाब भडकायचा, काहींच्या मेंदूत रक्तस्राव व्हायचा. नॉटिंगहॅमच्या रो नावाच्या औषध-विक्रेत्याने पत्र लिहून कळवले की त्याच्या पत्नीला चीज खाल्ल्यावर असा त्रास होतो. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातल्या बॅरी ब्लॅकवेल या तरुण डॉक्टरने तो धागा सोडला नाही आणि १९६३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यावर लेख प्रसिद्ध केला. मुरलेल्या चीजमध्ये टायरामिन असते. एरवी आतड्यातले आणि यकृतातले विकर ते नष्ट करते. औषधाने विकर बंद पडले की टायरामिन थेट रक्तात शिरते. एका दुकानदाराच्या पत्रावरून जगभरच्या रुग्णांचे पथ्य बदलले.

त्याहून दुःखद गोष्ट १९८४ ची आहे. लिबी झायन ही अठरा वर्षांची विद्यार्थिनी ४ मार्चच्या रात्री ताप आणि अंगात येणारे झटके घेऊन न्यूयॉर्कच्या रुग्णालयात आली. ती फेनेल्झिन घेत होती, म्हणजे विकर रोखणाऱ्या कुळातले नैराश्याचे औषध. अस्वस्थता आवरावी म्हणून तिला पेथिडिनचे इंजेक्शन दिले गेले. हे वेदनाशामक सेरोटोनिनही वाढवते. पहाटेपर्यंत तिचा ताप १०७ अंश फॅरनहाइटपर्यंत चढला आणि सकाळी ती गेली. मृत्यूचे नेमके कारण पुढे न्यायालयात वर्षानुवर्षे वादाचे राहिले, तरी फेनेल्झिन आणि पेथिडिन कधीही एकत्र नकोत हा धडा त्यानंतर वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना तिच्या नावाने शिकवला जाऊ लागला. तिचे वडील सिडनी झायन पत्रकार होते. त्यांनी प्रकरण लावून धरले, आणि १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने निवासी डॉक्टरांच्या कामाला आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली.

फेनेल्झिनसारखी औषधे आपल्याकडे नैराश्यासाठी आता क्वचितच लिहिली जातात. त्यामुळे इथला रुग्ण चीजमुळे अडचणीत येण्याची शक्यता कमी. इथली अडचण कंबरदुखीपासून सुरू होते.

समजा, म्हाळुंग्याच्या एका कारखान्यात प्रेसवर काम करणारा पस्तिशीचा कामगार आहे. तीन पाळ्या आलटून-पालटून येतात, ओव्हरटाइम सुटत नाही, मूळ गाव लातूरकडे किंवा विदर्भात. झोप उडाली, कशात रस वाटेना, म्हणून एका मनोविकारतज्ज्ञाने त्याला फ्लुओक्सेटिन सुरू केले. कंबर धरली म्हणून हाडांच्या डॉक्टरांनी ट्रामाडोल आणि पॅरासिटामॉलची गोळी लिहिली. पायाला मुंग्या येतात म्हणून तिसऱ्याने रात्री अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम दिली. तिन्ही चिठ्ठ्या आपापल्या जागी योग्यच आहेत. पण या तीन डॉक्टरांची एकमेकांशी कधी गाठ पडत नाही, आणि तिन्ही गोळ्या त्या कामगाराच्या एकाच यकृतातून जातात.

ट्रामाडोल हे अफूच्या कुळातले वेदनाशामक, पण ते सेरोटोनिन परत ओढण्याची वाटही अडवते. म्हणजे फ्लुओक्सेटिनच्या कामात त्याची भर पडते. दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. यकृतातले एक विशिष्ट विकर ट्रामाडोलचे रूपांतर करते तेव्हाच त्याचा वेदना मारणारा गुण पूर्ण प्रकट होतो. फ्लुओक्सेटिन आणि पॅरोक्सेटिन नेमके तेच विकर रोखतात. परिणामी गोळी घेऊनही कंबर दुखायची थांबत नाही. माणूस एकाच्या दोन घेतो, दोनाच्या तीन. वेदना कमी होत नाही, सेरोटोनिनचा भार वाढतो आणि फिट येण्याचा धोका चढत जातो. ट्रामाडोल एकटेही मोठ्या मात्रेत फिट आणू शकते. व्यसनाच्या धोक्यापायी सरकारने एप्रिल २०१८ मध्ये ट्रामाडोल अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आणले. नैराश्याच्या गोळीशी त्याचे वैर असल्याची गोष्ट मात्र त्या चर्चेत फारशी आली नाही.

तिसऱ्या चिठ्ठीतली अमिट्रिप्टिलिन मुळात नैराश्याचेच औषध आहे, ट्रायसायक्लिक नावाच्या जुन्या गटातले. आज ते लहान मात्रेत मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी, अर्धशिशीसाठी आणि झोपेसाठी दिले जाते. त्यामुळे ते घेणाऱ्याला आपण नैराश्याचे औषध घेतो याची कल्पनाही नसते. या गटातली औषधे शरीराबाहेर टाकायलाही यकृतातले तेच विकर लागते. फ्लुओक्सेटिनसोबत इमिप्रामिन आणि डेसिप्रामिन या ट्रायसायक्लिक औषधांचे रक्तातले प्रमाण दोन ते दहा पटींनी वाढल्याच्या नोंदी खुद्द कंपनीच्या माहितीपत्रकात आहेत. ही औषधे साचली की हृदयाची लय बिघडू शकते. १० मिलिग्रॅमने बहुतेकांना काही होणार नाही, पण कुणी झोप येत नाही म्हणून स्वतःच तीन-चार गोळ्या घेऊ लागला, तर हिशेब झपाट्याने बदलतो. रक्तदाबावरचे मेटोप्रोलॉलही याच विकरावर अवलंबून आहे. फ्लुओक्सेटिन सुरू झाल्यावर त्याची मात्रा शरीरात वाढून नाडी फार मंदावल्याची उदाहरणे आहेत.

नैराश्याची दोन औषधे अशी नकळत एकत्र येण्याचा आणखी एक रस्ता मिश्र गोळ्यांचा आहे. एकाच गोळीत दोन औषधे, आणि पाकिटावर मोठ्या अक्षरांत फक्त कंपनीने दिलेले नाव. अमिट्रिप्टिलिन आणि क्लोरडायझेपॉक्साइडचे मिश्रण ‘टेन्शनची गोळी’ म्हणून ओळखले जाते. फ्लुपेंटिक्सॉल आणि मेलिट्रासेन यांच्या मिश्रणाची कथा तर संसदेपर्यंत पोचली. हे औषध मूळ डेन्मार्कच्या कंपनीचे, पण खुद्द डेन्मार्कमध्ये त्याला विक्रीची परवानगी नाही, याकडे संसदीय स्थायी समितीने मे २०१२ मधल्या आपल्या ५९ व्या अहवालात लक्ष वेधले. जून २०१३ मध्ये केंद्राने त्याची निर्मिती आणि विक्री थांबवण्याचा आदेश काढला. प्रकरण पुढे न्यायालयात गेले आणि असे मिश्रण वापरात राहिले. मेलिट्रासेनही ट्रायसायक्लिक गटातलेच. ज्याला आधीच एस्सिटालोप्राम चालू आहे, त्याला पित्त आणि घाबरल्यासारखे होते म्हणून ही गोळी दिली गेली, तर तो नैराश्याची दोन औषधे घेऊ लागतो आणि त्याला ते माहीतही नसते.

साध्या दुखण्याच्या गोळ्याही यातून सुटत नाहीत. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशींना सेरोटोनिन लागते, आणि तेही त्या मेंदूपेशींसारखीच वाट वापरून रक्तातून ओढून घेतात. ती वाट अडली की प्लेटलेट थोड्या दुबळ्या पडतात. त्यात डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतले की जठराचे अस्तर सोलवटते, आणि रक्तस्रावाचा धोका दोन्ही बाजूंनी वाढतो. दक्षिण कोरियातल्या ४० लाखांहून अधिक लोकांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २०१५ मध्ये छापला. नैराश्याचे औषध सुरू झाल्यावरच्या पहिल्या महिन्यात, त्यासोबत दुखण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांत मेंदूतल्या रक्तस्रावाचा धोका, फक्त नैराश्याचे औषध घेणाऱ्यांच्या तुलनेत, १.६ पट आढळला. मूळ धोका लहान असल्याने वाढूनही तो लहानच राहतो. तरी रोज रात्री पाळी संपल्यावर डायक्लोफेनॅक घेणाऱ्याने काळी, डांबरासारखी शौचास झाली तर ते मूळव्याधीवर ढकलू नये.

पेंग आणणाऱ्या औषधांबद्दल वेगळे सांगण्याची गरज नसावी, पण या पट्ट्यात ती आहे. मिर्टाझापिन, अमिट्रिप्टिलिन, अल्प्राझोलाम, सर्दीच्या औषधातले क्लोरफेनिरामिन आणि वर दारू, यांतली कोणतीही दोन एकत्र आली की प्रतिक्षिप्त क्रिया मंदावतात. प्रेसखाली हात, फोर्कलिफ्टचे स्टिअरिंग आणि पहाटेच्या अंधारात पुणे-नाशिक रस्त्यावरची दुचाकी यांना ते परवडत नाही.

सेरोटोनिन सिंड्रोम ओळखायचा कसा, हे घरच्यांना माहीत असणे महत्त्वाचे, कारण रुग्ण स्वतः सांगण्याच्या स्थितीत नसतो. नवे औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर बहुधा काही तासांतच, फार तर एका दिवसात, तो दिसू लागतो. हातपाय थरथरतात, अस्वस्थता इतकी की माणूस एका जागी बसत नाही, घामाच्या धारा लागतात, जुलाब होतात, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, नाडी धावते. डॉक्टर पाऊल झटकन वर दाबून पाहतात. घोट्यापाशी पाय आपोआप ठेका धरल्यासारखा उडत राहिला तर ती मोठी खूण. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी २००३ मध्ये निश्चित केलेल्या आणि आज जगभर वापरल्या जाणाऱ्या निकषांत या खुणेला सर्वांत जास्त वजन आहे. पुढे स्नायू ताठरतात आणि ताप चढतो.

गफलत इथेच होते. मे महिन्यात भट्टीजवळ काम करणारा कामगार घामाघूम, तापलेला, बरळत आला तर उष्माघात आठवतो. पावसाळ्यात तोच डेंग्यू वाटतो. रात्री आला तर दारू. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही, कारण उष्णता ताठरलेल्या स्नायूंतून येत असते. कारणीभूत औषध बंद करणे, शरीर थंड करणे आणि स्नायू सैल करणारी औषधे देणे हा मुख्य उपाय. त्यासोबत दिले जाणारे एक औषध मराठी घरांना चांगले परिचयाचे आहे. मुलांना भूक लागावी म्हणून ज्या टॉनिकची बाटली आणली जाते, तिच्यातले सायप्रोहेप्टाडिन सेरोटोनिनला अडवते. तेच मोठ्या रुग्णालयात सेरोटोनिन सिंड्रोमच्या रुग्णाला दिले जाते. याची उलट बाजूही आहे. वजन वाढावे म्हणून ते टॉनिक घेणाऱ्या नैराश्याच्या रुग्णाच्या औषधाचा असर त्यामुळे कमी होऊ शकतो.

कारखानदारीच्या पट्ट्याने लक्षात ठेवावे असे आणखी एक औषध आहे मेथिलिन ब्ल्यू. अ‍ॅनिलिन किंवा नायट्रोबेन्झिनसारखी रसायने श्वासातून वा त्वचेतून शरीरात गेली की रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू नीट वाहून नेईनासे होते, ओठ-नखे निळसर पडतात. त्यावर शिरेतून मेथिलिन ब्ल्यू देतात आणि ते जीव वाचवते. पण ते मोनोअमाइन ऑक्सिडेजलाही जोरात रोखते. नैराश्याची गोळी घेणाऱ्या रुग्णांबाबत त्याविषयीचा इशाराही अमेरिकेने लिनेझोलिडच्या इशाऱ्यासोबतच, जुलै २०११ मध्ये दिला. विषबाधा झालेला कामगार बेशुद्ध असतो. तो कोणती गोळी घेतो हे सांगायला सोबत आलेला सुपरवायझर असतो, आणि त्याला ते माहीत नसते.

माहीत का नसते, हा या साऱ्याचा कळीचा प्रश्न आहे. एक कारण दारांचे. या पट्ट्यातला कामगार कंपनीच्या दवाखान्यात जातो, चिंचवडच्या मोहननगरातल्या ईएसआय रुग्णालयात जातो, संत तुकारामनगरच्या वायसीएम रुग्णालयात जातो, वस्तीतल्या खासगी डॉक्टरांकडे जातो आणि घाईत थेट मेडिकलवर जातो. कंत्राटी कामगाराचे कंत्राट बदलले की दवाखानाही बदलतो. प्रत्येक ठिकाणी नवी फाईल, नवी चिठ्ठी. एका ठिकाणची माहिती दुसरीकडे जाते ती फक्त रुग्णाच्या तोंडून.

आणि रुग्ण बोलत नाही. ‘वेड्याची गोळी’ हा शब्द अजून जिवंत आहे. कंपनीत कळले तर मशीनवरून काढतील, कंत्राट पुढे चालू ठेवणार नाहीत, लग्न मोडेल, ही भीती खरी आहे आणि तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर वीस प्रौढांपैकी सुमारे एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा नैराश्याने गाठल्याचे आढळले, आणि नैराश्य असलेल्या सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेले नव्हते. जे थोडे उपचारापर्यंत पोचतात त्यांनी तो लपवून घ्यावा, अशी वेळ आपण त्यांच्यावर आणतो. हाडांच्या डॉक्टरांना रुग्ण शुगरची गोळी सांगतो, बीपीची सांगतो आणि नेमकी ती एक सांगत नाही. डॉक्टरांनीही ‘आणखी काही चालू आहे का?’ एवढे विचारून थांबू नये. ‘झोपेची, टेन्शनची, मनाची कुठली गोळी?’ असे सरळ विचारले तर उत्तर मिळते. मेडिकलवाल्याच्या बिलावर एकाच माणसाच्या नावाने फ्लुओक्सेटिन आणि ट्रामाडोल दोन्ही दिसतात. हे वेळीच टोकू शकणारा कदाचित तोच एकटा असतो.

रुग्णाच्या हातात असलेला उपाय बिनखर्चाचा आहे. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची रिकामी पाकिटे एका पिशवीत ठेवावीत, त्यांत आयुर्वेदिक गोळ्या आणि खोकल्याची बाटलीही असावी, आणि कुठल्याही दवाखान्यात जाताना ती पिशवी न्यावी. पाकिटावरच्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरांत औषधाचे खरे नाव असते. मोबाइलने त्याचा फोटो काढून ठेवला तरी भागते. गेल्या पाच-सहा आठवड्यांत बंद केलेल्या गोळ्याही सांगाव्यात. फ्लुओक्सेटिन शरीरातून फार सावकाश निघते. त्यानंतर मोनोअमाइन ऑक्सिडेज रोखणारे औषध सुरू करायचे तर निदान पाच आठवडे थांबावे लागते.

हे वाचून कुणी आपली नैराश्याची गोळी उद्यापासून बंद केली, तर त्यातून नवा धोका उभा राहील. पॅरोक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन यांसारखी औषधे एकदम थांबवली की चक्कर, मळमळ, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके येतात, आणि मूळ आजार परत उसळतो. उपचाराविना राहिलेले नैराश्य स्वतःच जीव घेऊ शकते. मात्रा कमी करायची किंवा औषध बदलायचे ते लिहिणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच. मनाच्या त्रासाविषयी मराठीतून बोलायला केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे. तिचा क्रमांक १४४१६. थरथर, ताप आणि बरळणे एकत्र दिसले तर मात्र फोनवर वेळ न घालवता रुग्णालय गाठावे आणि पिशवी सोबत न्यावी.

औषधांचा एकमेकांशी झालेला बिघाड कळवण्याची सोयही देशात आहे. भारतीय औषधदक्षता कार्यक्रम जुलै २०१० मध्ये सुरू झाला. त्याचा १८००-१८०-३०२४ हा क्रमांक मोफत आहे. डॉक्टरांप्रमाणे रुग्ण आणि नातेवाईकही तिथे कळवू शकतात, आणि सामान्यांसाठीचा अर्ज मराठीतही उपलब्ध आहे. त्रास कोणत्या गोळीने झाला हे सिद्ध करून दाखवावे लागत नाही. नॉटिंगहॅमच्या त्या दुकानदारालाही टायरामिन हा शब्द ठाऊक नव्हता. कोणते औषध, ते कधी सुरू केले, त्यासोबत आणखी काय काय चालू होते आणि त्रास केव्हा सुरू झाला, एवढे सांगितले तरी चालते.